सेव्ह केलेली फाईल सापडत नाही: कुठे बघायचं आणि कोणत्या क्रमाने

नव्याने कॉम्प्युटरवर बसलेल्या लिपिकाची, शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कची, पतसंस्थेत काउंटर सांभाळणाऱ्या ताईंची एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. "काल पत्र केलं, सेव्हसुद्धा केलं, आज नाहीये." मग शेजारच्या टेबलावरचा जाणकार येतो, माउस हातात घेतो, पाच-सहा फोल्डर भराभर उघडतो, फाईल काढून देतो आणि चहाला निघून जातो. आठवड्याभराने पुन्हा तेच. फाईल मिळाली, पण ती तिथे गेलीच कशी हे कोणी सांगितलेलं नसतं.

खाली लिहिलंय ते विंडोज १० किंवा ११ आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड-एक्सेल गृहीत धरून. लिब्रेऑफिस वापरत असाल तर मेनूची नावं थोडी वेगळी दिसतील, गोष्ट तीच.

आधी एक गोष्ट पक्की करून टाका. कंट्रोल-एस दाबलं की ही फाईल कुठे ठेवलेली बरी, असा विचार कॉम्प्युटर करत नाही. फाईल जिथून उघडली, तिथेच तो ती परत ठेवतो. पेन ड्राइव्हवरून उघडली तर पेन ड्राइव्हवर. डाउनलोड्समधून उघडली तर डाउनलोड्समध्ये. कोरं पान घेऊन नवीन सुरू केली असेल, तरच पहिल्या वेळी तो जागा विचारतो. आणि त्या वेळी बहुतेक जण पुढे आलेली खिडकी न वाचताच एंटर मारतात.

म्हणून "सेव्ह कुठे केलीस?" हा प्रश्न नवख्या माणसाला विचारू नका. त्याला ते माहीतच नसतं, कारण त्याने जागा निवडलेलीच नसते. "उघडली कुठून होतीस?" असं विचारा. याचं उत्तर सगळ्यांना आठवतं. मॅडमनी व्हॉट्सॲपवर पाठवली होती. तालुक्याहून मेल आला होता. मागच्या महिन्याचंच पत्र उघडून तारीख बदलली. त्या उत्तरातच पत्ता असतो.

शोधायच्या आधी

तीन गोष्टी करू नका. कॉम्प्युटर 'साफ' करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका, रीसायकल बिन रिकामा करू नका, आणि घाईने तेच पत्र त्याच नावाने पुन्हा टाइप करायला बसू नका. फाईल तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडलेली असेल तर साफसफाईत ती खरोखरच जाईल. आत्तापर्यंत ती फक्त सापडत नव्हती.

मग ज्या प्रोग्रॅममध्ये काम केलं तो उघडा, समजा वर्ड. 'फाईल', मग 'ओपन', मग 'रीसेंट'. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी येईल. प्रत्येक नावाखाली बारीक, फिकट अक्षरांत एक ओळ असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. तोच पत्ता. नवीन आवृत्त्यांत त्या नावावर राइट क्लिक केलं की 'ओपन फाईल लोकेशन' मिळतं. ते दाबलं की फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तोच फोल्डर समोर उघडतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त 'हरवलेल्या' फायली इथेच सापडतात आणि पुढचं काही वाचायची गरज पडत नाही.

प्रोग्रॅम कुठला होता हेच आठवत नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी पेटी येईल. तिच्यात इंग्रजीत 'रीसेंट' टाइप करून एंटर. नुकतंच जे जे उघडलं त्याची यादी येते. हे खऱ्या फायलींचे शॉर्टकट असतात, फायली नव्हेत. तेव्हा इथून काही कॉपी करून पेन ड्राइव्हवर नेऊ नका. राइट क्लिक करून मूळ जागेवर जा.

मेल, व्हॉट्सॲप आणि झिप

सगळ्यात जास्त फायली इथे अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

ब्राउझरमधून, म्हणजे क्रोम किंवा एजमध्ये जीमेल उघडून, फाईल घेतली असेल तर ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये जाते. ब्राउझर चालू असताना कंट्रोल-जे दाबलं की उतरवलेल्या फायलींची यादी दिसते, आणि प्रत्येकीशेजारी ती फोल्डरमध्ये दाखवण्याची सोय असते. इथवर सोपं आहे. घोळ पुढे होतो. काल तुम्ही 'लाभार्थी यादी' उतरवली, तिच्यात चाळीस नावं भरली, सेव्ह केली. आज पुन्हा मेल उघडला आणि पुन्हा त्याच जोडलेल्या फाईलवर क्लिक केलं. मेलमधली फाईल मूळचीच, कोरी. ब्राउझरने तिला 'लाभार्थी यादी (१)' असं नाव देऊन वेगळी उतरवली. तुम्हाला वाटतं कालचं काम पुसलं गेलं. ते शेजारच्याच फाईलमध्ये शाबूत आहे. डाउनलोड्स उघडा, मांडणी 'डिटेल्स' करा आणि 'डेट मॉडिफाइड' या मथळ्यावर क्लिक करा. शेवटी कधी बदल झाला त्या क्रमाने फायली लागतात. कालच्या संध्याकाळची वेळ जिच्यासमोर आहे, ती तुमची.

कॉम्प्युटरवर आउटलुक बसवलेलं असेल आणि तुम्ही जोडलेली फाईल मेलमधूनच थेट उघडली, तर ती एका तात्पुरत्या, आत दडलेल्या फोल्डरमधून उघडते. नवीन आवृत्त्या ती फक्त वाचण्यापुरती उघडतात. वरच्या पट्टीवर 'रीड-ओन्ली' लिहिलेलं असतं. ते दिसलं की टाइप करायला सुरुवात करू नका. आधी एफ-१२ दाबा, 'सेव्ह ॲज'ची खिडकी येईल, डावीकडून आपला फोल्डर निवडा, तिथे ठेवा, मगच हात लावा. याशिवाय वर पिवळी पट्टी येते, 'प्रोटेक्टेड व्ह्यू', आणि शेजारी 'एनेबल एडिटिंग'. इंटरनेटवरून आलेली फाईल आहे, एवढंच तिचं म्हणणं. ते बटण दाबल्याने फाईलची जागा बदलत नाही. बऱ्याच जणांचा असा समज असतो की एडिटिंग चालू केलं म्हणजे फाईल 'आपल्या कॉम्प्युटरवर' आली. तसं काही होत नाही.

व्हॉट्सॲपचं तसंच. ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप वेब असेल तर फाईल डाउनलोड्समध्ये. पण कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप असेल आणि चॅटमधल्या फाईलवर नुसतं क्लिक करून ती उघडली, तर ती ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहू शकते, तेही इतकं खोल की हाताने शोधायला जाल तर दमाल. तुम्ही बदल केले, कंट्रोल-एस केलं, ते तिथेच झालं. अशी फाईल काढायचा मार्ग वर सांगितलेलाच, वर्डमधली 'रीसेंट' यादी. सापडली की लगेच 'सेव्ह ॲज' करून बाहेर आणा.

झिपची गोष्ट वेगळीच. वरिष्ठ कार्यालयाकडून दहा प्रपत्रं एका झिपमध्ये, म्हणजे अनेक फायली बांधलेल्या एकाच गाठोड्यात, येतात. झिपवर डबल क्लिक केलं की ती फोल्डरसारखीच उघडते, आतली फाईलही उघडते, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. ठीक नसतं. विंडोजने त्या एका फाईलची तात्पुरती प्रत काढून दाखवलेली असते. तिच्यात भरलेलं झिपमध्ये परत जात नाही. तेव्हा झिप आली की पहिलं काम राइट क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', आणि मग जो साधा फोल्डर तयार होईल त्यातच काम. चिन्हावर चेन दिसते का, ते बघायची सवय ठेवा.

डेस्कटॉपवर ठेवली होती, डेस्कटॉप रिकामा आहे

घाबरवणारा प्रकार, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी.

पहिली शक्यता, तुम्ही दुसऱ्याच नावाने आत शिरला आहात. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन जणांची खाती असतात आणि प्रत्येक खात्याचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वेगळं असतं. सकाळी कोणीतरी स्वतःचा पासवर्ड टाकून कॉम्प्युटर चालू केला आणि तुम्ही तसेच बसलात, तर तुमच्या फायली दिसणार नाहीत. स्टार्ट मेनूत कोणाचं नाव आहे ते बघा.

दुसरी शक्यता वनड्राइव्ह, म्हणजे फायली इंटरनेटवर साठवायची मायक्रोसॉफ्टची सोय. विंडोज बसवताना किंवा नंतर एखाद्या खिडकीला 'हो' म्हटल्यामुळे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप वनड्राइव्हवर सुरू होतो. तेव्हा खरा डेस्कटॉप तुमच्या नावाच्या फोल्डरमधून उठून वनड्राइव्हच्या फोल्डरात जातो. दिसायला काहीच फरक पडत नाही. मग एक दिवस जागा भरल्याची सूचना येते (फुकटच्या खात्यात ५ जीबीच मिळतात), वैतागून कोणीतरी बॅकअप बंद करतो, आणि डेस्कटॉप ओसाड. फायली गेलेल्या नाहीत. विंडोजचं बटण आणि ई दाबून एक्सप्लोरर उघडा, डावीकडे निळ्या ढगाचं चिन्ह असलेलं वनड्राइव्ह, आत 'डेस्कटॉप' नावाचा फोल्डर. सगळं तिथे असतं. ज्या फाईलच्या नावाशेजारी नुसता ढग दिसतो ती इंटरनेटवर आहे, कॉम्प्युटरवर उतरलेली नाही. नेट बंद असेल तर उघडणार नाही. हिरवी खूण असेल तर ती इथेच आहे.

तिसरी शक्यता साधी आहे: हात निसटला. नवखा माणूस माउसचं बटण जरा जास्त वेळ दाबून ठेवतो, हात हलतो, आणि एक फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो. लगेच लक्षात आलं तर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी एकदा क्लिक करून कंट्रोल-झेड. फोल्डर उडी मारून परत येतो. हळू डबल क्लिकचाही असाच त्रास आहे. दोन क्लिकमध्ये अंतर पडलं की विंडोजला वाटतं नाव बदलायचंय. नाव निळं झालेलं दिसलं की काही टाइप न करता एस्केप दाबा.

डेस्कटॉपवर कामाच्या फायली ठेवू नयेत असं मी का म्हणतो, तेही सांगून टाकतो. कॉम्प्युटर मंद झाला की आपल्याकडे दुरुस्तीवाला येतो आणि "सी फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी ड्राइव्हवर असतात. "डी मधला डेटा राहील साहेब" हे तो सांगतो ते खरं असतं. डेस्कटॉप डी मध्ये नाही, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

जुनं पत्र उघडून नवीन केलं

ऑफिसात कोऱ्या पानावर पत्र कोणी लिहीत नाही. मागच्या वेळचं उघडायचं, जावक क्रमांक, दिनांक आणि विषय बदलायचा, छापायचं. यात तक्रार दोन्ही बाजूंनी येते. कोणी म्हणतं नवीन पत्र सापडत नाही, कोणी म्हणतं जुनं पत्र गेलं. प्रकार एकच. कंट्रोल-एस दाबल्यावर नवीन मजकूर जुन्या नावाने, जुन्याच फोल्डरात बसला. जूनचं पत्र 'मे' नावाच्या फाईलमध्ये आहे आणि मेचं पत्र कुठेच नाही.

फाईल वनड्राइव्हवर असेल आणि वर डाव्या कोपऱ्यात 'ऑटोसेव्ह' चालू असेल तर आणखी कठीण. तुम्ही कंट्रोल-एस दाबायचीही वाट तो बघत नाही. टाइप करता करताच जुन्यावर नवीन चढतं. त्यातल्या त्यात दिलासा असा, की अशा फायलींच्या आधीच्या प्रती जपलेल्या असतात. 'फाईल', 'इन्फो', 'व्हर्जन हिस्टरी'. मेमधली तारीख निवडा, उघडा, वेगळ्या नावाने ठेवा. साध्या डी ड्राइव्हवरच्या फाईलला ही सोय आपोआप मिळत नाही. पत्र बंद केलं नसेल तर कंट्रोल-झेड दाबत दाबत मागे जाता येतं; बंद केलं असेल तर मेलच्या 'सेंट'मध्ये किंवा कागदाच्या स्थळप्रतीतच ते मिळेल.

क्रम उलटा करा, एवढाच उपाय. जुनं पत्र उघडलं की पहिलं अक्षर बदलायच्या आधी एफ-१२, नवीन नाव, एंटर. त्याहून बरं म्हणजे एक्सप्लोररमध्येच जुन्या फाईलची कॉपी काढायची, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही, तिचं नाव बदलायचं आणि मग उघडायची.

फाईल तिथेच आहे, पण खिडकी दाखवत नाही

वर्डमधून 'ओपन' केलं की खिडकीत फक्त वर्डच्या फायली दिसतात. त्याच फोल्डरात वीस एक्सेल फायली पडलेल्या असल्या तरी फोल्डर रिकामा दिसतो. खाली उजव्या कोपऱ्यात फाईल नेमच्या शेजारी एक पेटी असते, तिथे 'ऑल फाईल्स' निवडा. एखाद्या पोर्टलवर कागदपत्र चढवताना हेच होतं: पोर्टलला पीडीएफ हवी असते, तुम्ही वर्डमध्ये ठेवलेली असते, आणि निवडायच्या खिडकीत काहीच दिसत नाही. इथे 'ऑल फाईल्स' करून फाईल दिसेल, पण पोर्टल ती घेणार नाही. वर्डमध्ये परत जाऊन 'सेव्ह ॲज'मध्ये प्रकार पीडीएफ निवडून ठेवावी लागेल. फाईलचं नुसतं नाव बदलून शेवटी 'पीडीएफ' लिहिल्याने ती पीडीएफ होत नाही, हे वेगळं सांगायला हवं, कारण लोक करतात.

विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे 'यादी' आणि 'यादी' अशा दोन फायली शेजारी शेजारी दिसतात; एक वर्ड, एक एक्सेल. विंडोज ११ मध्ये एक्सप्लोररच्या 'व्ह्यू', 'शो' मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. १० मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीवरच चौकोन आहे. मग डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, पीडीएफ ही शेपटं दिसू लागतात. नाव बदलताना मात्र शेपटाला हात लावायचा नाही.

नावांचा घोळ

वर्डची एक खोड आहे. नवीन फाईल पहिल्यांदा सेव्ह करताना तो पहिल्या ओळीवरून नाव सुचवतो. आपल्या सरकारी पत्राची पहिली ओळ 'प्रति,' असते. त्यामुळे एंटर मारणाऱ्याच्या डॉक्युमेंट्समध्ये 'प्रति' नावाची फाईल असते, मग कोणीतरी 'प्रति १', 'प्रति नवीन', 'प्रति फायनल' असं वाढवत नेतं. अशा ढिगातून हवं ते पत्र काढायचं तर एक्सप्लोररमध्ये ऑल्ट-पी दाबा. उजवीकडे कप्पा उघडतो आणि ज्या फाईलवर क्लिक कराल तिचा मजकूर, ती न उघडता, तिथे दिसतो.

पत्र कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर गंमतच. कृतिदेवमध्ये 'प्रति' लिहायला आय, झेड, एफ, आर ही इंग्रजी बटणं दाबतात, आणि फाईलमध्ये खरोखर तीच चार इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. मराठी दिसते ती फॉन्टमुळे. फाईलच्या नावाला फॉन्ट नसतो, म्हणून वर्डने सुचवलेलं नाव आय-झेड-एफ-आर असंच दिसतं. डॉक्युमेंट्समध्ये अशी अगम्य इंग्रजी नावं दिसली तर व्हायरस समजून डिलीट करू नका. ती तुमचीच पत्रं असतात.

जावक क्रमांकानेच नाव द्यायचं म्हणाल तर तिरकी रेघ आडवी येते. विंडोजला फाईलच्या नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, ताराचिन्ह, दुहेरी अवतरण चालत नाही. 'जा.क्र./१२३/२०२५' लिहिलं की तो नकार देतो. नवखा माणूस इंग्रजीतली ती सूचना न वाचता 'ओके' करतो, मग 'कॅन्सल', आणि सेव्ह झालं असं समजून उठतो. रेघेच्या जागी आडवी छोटी रेघ वापरा. तारीख घालायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०६-१२. असं लिहिलं की फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर बारा महिन्यांच्या सगळ्या एक तारखा एकत्र येतात.

शोधूनही सापडत नाही

स्टार्टमधली शोधपेटी मुळात तुमच्या खात्याचे फोल्डर बघते. डी ड्राइव्ह तिच्या यादीत सहसा नसतो. तेव्हा एक्सप्लोररमध्ये डी उघडा आणि वर उजवीकडच्या पेटीत शोधा. वेळ लागतो, हिरवी पट्टी पूर्ण होईपर्यंत थांबा. आणि तिथे तो फक्त नावं बघतो, आतला मजकूर नाही. नाव आठवत नसेल तर ताराचिन्ह, टिंब आणि डीओसीएक्स एवढंच इंग्रजीत टाका. त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या वर्ड फायली येतील, मग तारखेने लावून घ्या. आलेल्या यादीत नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलर असलेली छोटी फाईल दिसली तर ती तुमची नव्हे. वर्ड उघडं असताना तो स्वतःपुरती अशी खुणेची फाईल करतो.

मराठी शब्द शोधताना आणखी एक अडचण येते आणि तिचा उल्लेख कुठल्याच वर्गात होत नाही. पत्र कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी किंवा डीव्हीबी कुळातल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि तुम्ही शोधपेटीत युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या आजच्या मराठी अक्षरांत, 'अनुदान' लिहिलंत, तर जन्मात सापडणार नाही. फाईलमध्ये 'अनुदान' नाहीच, इंग्रजी अक्षरांची रांग आहे. अशा वेळी पत्रातला एखादा इंग्रजी शब्द शोधा किंवा नुसत्या तारखेवर जा. युनिकोडमध्येही 'कर्मचाऱ्यांची' हा शब्द दगा देऊ शकतो, कारण त्यातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. 'कर्मचा' एवढंच शोधा. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूर नसतोच, फोटो असतो.

घरी नेली, उघडत नाही

पेन ड्राइव्हवर फाईल घेतली, घरी गेल्यावर उघडेना. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का बघा. असेल तर तुम्ही फाईल नव्हे, शॉर्टकट नेलात. आकार एक-दोन केबी दिसेल. खरी फाईल ऑफिसातच आहे. दुसऱ्या दिवशी राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन'वर जा आणि तिथली घ्या.

पण पेन ड्राइव्हवरच्या सगळ्याच फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर तो व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणल्यावर हे हमखास होतं. त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. आधी अँटीव्हायरसने तपासा, मग एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवा असं सांगा. मूळ फोल्डर बहुधा फिकट रंगात समोर येतात. नाहीच आले तर जाणकाराकडे द्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका.

मुळात सेव्हच केली नव्हती

लाइट गेली, किंवा बंद करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं गेलं. वर्ड पुन्हा उघडा. डावीकडे वाचवलेल्या प्रतींचा कप्पा स्वतःहून आला तर त्यातली ताजी उघडून लगेच सेव्ह करा. तो कप्पा वाचण्याआधी बंद करू नका. आला नाही तर 'फाईल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट', 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स'. कधीच नाव न दिलेल्या फायली इथे काही दिवसच राहतात, मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार ४ दिवस. म्हणून सोमवारी गेलेलं शनिवारी शोधायला बसू नका. वर्ड दर १० मिनिटांनी ही प्रत घेतो. 'ऑप्शन्स', 'सेव्ह'मध्ये जाऊन ते २ किंवा ३ करा. यूपीएस नसलेल्या ऑफिसात तर आजच करा.

त्याच पानावर आणखी एक ओळ आहे, 'डिफॉल्ट लोकल फाईल लोकेशन'. तिथे डी ड्राइव्हवरचा आपला फोल्डर द्या, आणि वरचा 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' हा चौकोन टिक करा. नवीन पत्रं तिथेच जातील. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली प्रत्येक फाईल कुठे ठेवायची ते विचारण्याचं बटण आहे, तेही चालू करा. पहिल्या दिवशी कटकट वाटते. पण जागा निवडायची सवय लागायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

डिलीट झाली असेल तर

कॉम्प्युटरच्या सी किंवा डी वरून गेली असेल तर रीसायकल बिन उघडा, राइट क्लिक, 'रीस्टोर'. फाईल जिथून गेली तिथेच परत जाते. शिफ्ट धरून डिलीट केली असेल तर बिनमध्ये मिळणार नाही. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरातून डिलीट केलेली फाईलही तुमच्या बिनमध्ये येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे बॅकअप आहे का, ते त्याच दिवशी विचारा. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलीही बिनमध्ये येत नाही. तसं झालं असेल तर पेन ड्राइव्ह ताबडतोब काढून बाजूला ठेवा, त्यावर एकही नवीन फाईल टाकू नका. मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते, आणि नवीन काही लिहिलं की तेच जुन्यावर बसतं. फाईल परत काढणारी सॉफ्टवेअर मिळतात. ती वापरणाऱ्याला एवढं सांगा की सापडलेल्या फायली त्याच पेन ड्राइव्हवर नव्हे, दुसऱ्या ड्राइव्हवर उतरव.